वाघ्यालाही घेऊनच या

सीवूड्स, नवी मुंबई

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

वाघ्याला कुणाच्या दारात बांधायचं, म्हणून या वेळीही तुमचं येणं राहिलं तर मला फार वाईट वाटेल. त्याला घेऊनच या. दादाच्या गाडीत मागच्या सीटवर त्याची गोधडी टाका, वाईपासून इथपर्यंत झोपून येईल.

बाबा, तुमच्या गुडघ्यांचा विचार करूनच वाट ठरवली आहे. डीपीएस तलावाच्या कडेने सपाट चालायचं, चढ नाही. दमलात तर तिथूनच मागे फिरू.

तलावात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात, पण वेळ साधावी लागते. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरतात, भरतीने चिखल बुडाला की इकडे येतात. दिवाळे गावच्या कोळीण मावशींनी मला हिशेब शिकवला: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. थोडं पुढेमागे होतं, पण सकाळच्या फेरीला याहून चांगल्या तिथी नाहीत. म्हणून माघ वद्य दशमीच्या आदल्या दिवशी पोचा. आई, एकादशीची खिचडी मी करते, तू फक्त चाल.

वाघ्याचा पट्टा मात्र सुटता कामा नये. मागच्या मार्चमध्ये शेजारच्यांच्या ब्राउनीला मी मोकळं सोडलं. ती पाण्यात धावली आणि अख्खा थवा उठला. पंखांखालचा तो लाल-काळा रंग सगळे मोबाइलमध्ये टिपत होते, मला मात्र रडू आलं. इथे खाऊन अंगात बळ साठवायचं आणि पावसाळ्याआधी कच्छकडे निघायचं, असं त्यांचं असतं. माझ्यामुळे ते बळ फुकट गेलं. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ साली त्यांच्यासाठी अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आला. पण हे तलाव नसतील तर भरतीच्या वेळी त्यांनी बसायचं कुठे?

ओहोटी असेल तेव्हा खारफुटीच्या कडेला थांबू. तिवरांची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, त्यांच्यात निवट्या दिसतील. मासाच तो, पण पाण्याबाहेर कल्ल्याजवळच्या परांवर सरकत चालतो. डोळे पार टाळूवर. जवळ गेलं की बिळात गडप, आणि मिनिटभराने तेच दोन डोळे पुन्हा वर. आई, तू ओट्यावर बसून मुंग्या बघत बसतेस ना, तसा माझा तिथे तासभर जातो. वाघ्याला चिखलात उतरू द्यायचं नाही, काचा आणि शिंपल्यांनी पंजे कापतात.

खारफुटीत कोल्हे आहेत, म्हणून त्याची रेबीजची लस झाली आहे ना ते डॉक्टरांकडच्या कार्डावर बघा. कार्ड सोबत आणा. दहानंतर रस्ता तापतो. हाताची मागची बाजू टेकवून चटका बसला तर त्याला न्यायचं नाही. ऐरोलीहून होडीने खाडीत जाऊ तेव्हा हे त्याच्याजवळ घरी थांबतील, तसं त्यांनी आपणहून सांगितलंय.

बाबा, कपाटातली दुर्बीण विसरू नका. दशमी कुठल्या वारी येते ते पंचांगात बघून आजच दादाला सांगा, त्याला रजा टाकावी लागेल.

तुमची,
मनू