रक्त मुंबईला जाऊ द्या, पोर नको

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालून झालं, आता तुमच्यापुढे घालतोय.

माझ्या पुतण्याचे पाय चालता चालता आत वळायला लागले. मग मान वाकडी, जीभ जड. गावात कुणी बाधा म्हटलं, तालुक्याला कुणी जन्मावेळची इजा म्हटलं. शेवटी मुंबईत एमआरआय झाला. मेंदूच्या आत लोह साचून काळा पट्टा, त्याच्या मधोमध पांढरा ठिपका. डॉक्टर त्याला वाघाचा डोळा म्हणतात. मग रक्त तपासलं, तेव्हा पँक-२ या जनुकातला दोष सापडला.

जेवणातल्या ब-५ जीवनसत्त्वापासून पेशी कोएन्झाइम-ए बनवतात. त्याच्याशिवाय पेशीला ना ऊर्जा नीट मिळते, ना चरबीचा हिशेब लागतो. ते बनवण्याची पहिलीच पायरी ज्या विकरामुळे पार पडते, ते या विसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकावरून घडतं. या आजाराशी त्याचा संबंध २००१ मध्ये उघड झाला. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही, त्यामुळे ते मी मागत नाही.

२०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंतची मदत आहे, केईएमसारखं केंद्र आहे. आकडा ऐकून गावकरी म्हणतात, मग काय, सुटलात! पण औषधच नसेल तर ते पैसे खर्चायचे कशावर?

आम्हाला हवंय ते स्वस्त आहे. रत्नागिरी आणि ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत महिन्यातून एक दिवस जनुकीय सल्ल्याची ओपीडी ठेवा. रक्त तिथेच घ्या. रात्रीच्या कोकणकन्येनं नमुना सकाळी मुंबईत पोचतो. अंग आखडलेल्या पोराला धरून त्याच गाडीत बसणं काय असतं, ते त्याच्या आईला विचारा. आखडणं सैल करणारं बॅक्लोफेन तालुक्याच्या रुग्णालयात कायम मिळू द्या, आणि फिजिओथेरपिस्टही.

सल्ल्याची घाई वेगळ्या कारणानं आहे. दोष आई आणि वडील, दोघांकडून आला तरच आजार होतो. दोघं वाहक असतील, म्हणजे दोष अंगात पण आजार नाही, तर दर खेपेला मूल आजारी निघण्याची चारात एक शक्यता. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न अजून होतं, माझ्या भावाचंही तसंच झालं. घरात पुढची लग्नं ठरायची आहेत, वहिनीला दुसरं मूल हवंय. जिल्ह्यात हे विचारायचं कुणाला?

ओपीडी कधीपासून, तेवढी तारीख कळवावी.

आपला,
एक काका, राजापूर