टीसीएल टाकले, पण शेवटच्या नळाला पोचले का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात गावोगावच्या दूषित पाणी नमुन्यांच्या बातम्या येतात. 'ग्रामपंचायतीला टीसीएल टाकण्याच्या सूचना दिल्या' या वाक्यावर त्या संपतात. टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, किती टाकले, त्यात क्लोरीन किती उरले होते आणि गावाच्या टोकाच्या नळाला काय पोचले, हे मात्र कुठेच छापून येत नाही.

ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असते. पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की ते झपाट्याने उतरते. हजार लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण ताज्या पावडरीचे आहे. त्यातून लिटरमागे सुमारे १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. तीच पावडर २० टक्क्यांवर आली असेल, तर ४१० ग्रॅमच्या आसपास लागते. माप मात्र वर्षभर तेच राहते. म्हणून पोते आल्यावर आणि नंतरही अधूनमधून पावडरीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. साठा कोरड्या, अंधाऱ्या खोलीत, घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवावा.

पावडर कोरडीच टाकीत भिरकावणे तर अगदी चूक. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा करावा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे, दहा मिनिटे निवळू द्यावे आणि वरची निवळीच टाकीत सोडावी. खालचा चुनकट गाळ टाकीत जाऊ देऊ नये. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, पाणी सोडू नये. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या मातीतच खर्ची पडतो, जंतूंपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी आधी गाळण किंवा तुरटी, मग टीसीएल.

सर्वात मोठी चूक ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळ्या रंगावरून पाण्यातला क्लोरीन ओळखायची चाचणी) कुठे करतात यात आहे. टाकीखालच्या नळाला पिवळा रंग येणारच. गावकरी पितात ते पाणी टाकीखालचे नसते. दिवसातून तासभर पाणी सोडून नळ बंद केले की वाहिनीतला दाब जातो. गटारातून गेलेल्या नळजोडणीचा सांधा सैल असेल, तर घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पहिले पाणी ज्या घरी जाते, तिथे ती घाणही जाते. त्यामुळे क्लोरीन मोजायचा तो शेवटच्या नळाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे अजून कशाशी न जुळलेला, क्लोरीन हवा. ओटीचा रंग पहिल्या दहा सेकंदांत पाहावा. नंतर चढत जाणारा पिवळेपणा संयुक्त, म्हणजे अमोनियासारख्या घटकांशी जुळलेल्या, क्लोरीनचाही असतो. पाण्यात लोह किंवा नायट्राइट असेल तरी फसवा पिवळा रंग येतो. डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळीने येणारा गुलाबी रंग यापेक्षा भरवशाचा.

जैविक तपासणीसाठीची बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवे. ते नसेल तर प्रवासात क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. बाटली आतून विसळू नये, गळ्यापर्यंत भरू नये, बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी आणि काही झाले तरी २४ तासांच्या आत पोचवावी.

आणखी एक. टीसीएलने नायट्रेट किंवा फ्लोराइड जात नाही, उकळल्यानेही नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर आणि फ्लोराइड १.५ च्या वर असेल, तर पिण्यासाठी दुसरा स्रोत शोधावा लागतो. म्हणून स्रोताची रासायनिक तपासणी दरवर्षी झालीच पाहिजे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीबाहेर फलक असावा आणि जलसुरक्षकाने (गावचे पाणी शुद्ध करण्याचे काम पाहणाऱ्याने) त्यावर रोज लिहावे: टाकलेली पावडर किती ग्रॅम, तिची शेवटची तपासलेली टक्केवारी, शेवटच्या नळाचा क्लोरीन आणि मोजल्याची वेळ. क्लोरीन शून्य आला तर शून्यच लिहावे. त्यासाठी त्याला कुणी दमात घेऊ नये. त्याच दिवशी टाकीपासून एकेका वळणावर क्लोरीन मोजत जावे आणि तो जिथे एकदम कमी होतो त्या टप्प्यातले सांधे उघडून पाहावेत.

आपले,
ग्रामीण पाणीपुरवठ्याचे काम जाणणारे काही वाचक