दिसेल तर वाचू ना!

संपादक महोदय,

खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर साखरेचा इशारा छापण्याबद्दलचा कालचा लेख वाचला. ग्राहक पाकीट उलटून बघण्याचेही कष्ट घेत नाही, हे लेखकमहाशयांचे निदान वाचून करमणूक झाली.

आमच्या घरात मधुमेह आहे, त्यामुळे मी पाकीट उलटते. मध्यंतरी दादरला रानडे रोडवर पचनाला हलकी म्हणवणारी बिस्किटे घेतली. पुढे गव्हाच्या लोंब्या, हिरवे पान आणि टपोऱ्या अक्षरांत ‘फायबर’. मागे साखरेचा आकडा मात्र घडीच्या खाली, पिवळ्यावर सोनेरी. चष्मा पुरेना, म्हणून सुनेने मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. दुकानदार म्हणाला, “मावशी, मागे गिऱ्हाईक खोळंबलंय.” साखरेचे ग्रॅम होते शंभर ग्रॅम बिस्किटांमागे आणि दिवसभराच्या प्रमाणातले टक्के ‘एका सर्व्हिंग’चे, म्हणजे एका वेळच्या खाण्याचे. आणि ती सर्व्हिंग दोन बिस्किटांची! चहाबरोबर दोनांवर थांबणारा माणूस निदान आमच्या माहीममध्ये तरी मी पाहिलेला नाही. शिवाय घटकांच्या यादीत साखर एकदा, सिरप वेगळे, माल्ट आणखी वेगळे; गोडी सगळ्यांचीच. हे गणित रांगेत उभे राहून सोडवायचे, आणि नाही सुटले तर आम्ही बेफिकीर.

चिलीत २०१६ पासून पाकिटाच्या तोंडावरच काळा अष्टकोन असतो, साखर जास्त आहे म्हणून बजावणारा. आमच्या एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२२च्या मसुद्यात काय सुचवले? तारे! हॉटेलला देतात तसे. त्यातही फायबर, सुकामेवा घातला की गुण वाढतात, म्हणजे साखरेचे पाप थोडे धुतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये तज्ज्ञ समितीला पाकिटावरच्या इशाऱ्याबाबत शिफारशी करायला तीन महिने दिले, पुढे मुदतवाढही दिली. त्याच वर्षी सरकारी कचेऱ्यांत समोसा-जिलबीतल्या तेल-साखरेचे फलक लावायची सूचना मात्र लगेच निघाली. जिलबी गोड असते हे आम्हाला ठाऊक होते हो. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याला देता येतो, तर बिस्किटाच्या पुड्यावर एक काळा ठिपका का जड जातो?

आणि जाता जाता. कालच्याच अंकात, त्या लेखाला लागून, मुलांची उंची म्हणे वाढवणाऱ्या, दुधात घालायच्या पावडरीची अर्धे पान जाहिरात होती. तिचे तुम्हाला किती मिळाले ते विचारत नाही. एका चमच्यात साखर किती, तेवढे पुढच्या वेळी छापून घ्या.

– एक जुनी वाचक, माहीम