खालच्या मजल्यावरची चित्रं

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला. ठेवायला नको होता. तू घेतलेल्या चित्राची किंमत ऐकली आणि तोंडातून "एवढ्याला?" निघून गेलं. त्यावर तू म्हणालास, "बाबा, तुम्हाला आकडाच दिसणार." खरं आहे. ३६ वर्षं कॅशच्या पिंजऱ्यात बसून लोकांच्या नोटा मोजल्या, दुसरं काय दिसणार? पण "अँड्र्यू मेलनलाही लोक असंच बोलायचे" हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना. कोण हा माणूस म्हणून चार दिवस वाचत बसलो. तुझी आई म्हणाली, पत्र खुशाल लिहा, पण चिमीचं नाव काढू नका. नाही काढत.

माणूस मोठा, यात वाद नाही. पिट्सबर्गला बापाची बँक होती, ती १८८२ मध्ये हातात घेतली. ॲल्युमिनियम, तेल, जे पुढे चालणार होतं त्यात वेळेवर पैसा घातला. १९२१ ते १९३२ अमेरिकेचा अर्थमंत्री. आणि मंदीत, लोक कामासाठी रांगा लावत असताना, हा गुपचूप रशियाकडून त्यांच्या हर्मिटाज संग्रहालयातली चित्रं घेत होता. २१ चित्रं, सुमारे ६६ लाख डॉलरना. त्यातलं राफाएलचं 'अल्बा मॅडोना' एकटंच ११ लाखांच्या वर. बघ, पुन्हा आकडेच. पण सोव्हिएत सरकारला परकीय चलनाची निकड होती आणि बाजार बसलेला असताना रोख पैसे घेऊन हा उभा होता, एवढं मला कळतं. त्यासाठी पारखी नजर लागते. तुझ्यात ती आहे. तिसरीत असताना तिकिटांच्या अदलाबदलीत तू थेट भाऊकाकांना गुंडाळलंस, ते त्यांनी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगितलं. मीही सांगतो. तुझ्यासमोर नाही सांगत, एवढंच.

मेलनचा घटस्फोट १९१२ चा. त्याचा मुलगा पॉल तेव्हा नुकताच पाच वर्षांचा झालेला. चिमीला जूनमध्ये पाच पूर्ण होतील. असो. हा विषय नको होता.

ड्युवीन नावाच्या चित्रव्यापाऱ्याची गोष्ट तुला माहीत असेलच. मेलन वॉशिंग्टनला राहायचा त्याच्या खालचाच फ्लॅट त्याने भाड्याने घेतला, उत्तमोत्तम चित्रांनी भरला आणि किल्ली मेलनला देऊन टाकली. ऐंशी ओलांडलेला म्हातारा घरातल्या कपड्यांवर, सपाता घालून खाली उतरायचा आणि बघत बसायचा म्हणे. शेवटी त्यातलं बरंच काही विकत घेतलं. लोक ही गोष्ट ड्युवीनच्या हुशारीसाठी सांगतात. मला मात्र तो जिना दिसत राहिला. एवढी चित्रं, आणि बघायला एकटा. तू तुझं चित्र कुणाबरोबर बघतोस? चिमीला दाखवलंस का?

तिच्या वाट्याचा शनिवार मीटिंगसाठी पुढे ढकलू नकोस. एकदा ढकलला की सवय लागते, आणि मुलं तक्रार करत नाहीत, ती फक्त विचारायचं बंद करतात. मग तुम्ही म्हणता की पोर समजूतदार आहे. माफ कर, भाषण झालं. मला तो अधिकारही नाही. मार्चअखेरीला मी घरी यायचो तेव्हा तू झोपलेला असायचास. एकदा तुझ्या उशीखाली कागद सापडला. त्यावर पिंजरा, आत टक्कल आणि समोर नोटांचा ढीग. पिंजऱ्याला दार काढायला विसरला होतास. मी हसलो आणि कागद कुठेतरी ठेवून दिला. आता सापडत नाही. आईच्या निळ्या वहीतही नाही, काल पाहिलं.

मेलनची मला एक गोष्ट मनापासून आवडली. कर बुडवल्याचा खटला मानेवर असतानाही त्याने सगळा संग्रह देशाला दिला, वर इमारतीसाठी पैसे दिले आणि स्वतःचं नाव लावू दिलं नाही. वॉशिंग्टनची ही नॅशनल गॅलरी उभी राहिलेली त्याने पाहिली नाही. तो ऑगस्ट १९३७ मध्ये गेला, आणि गॅलरीचा वास्तुकार जॉन रसेल पोप दुसऱ्याच दिवशी. फसवणूक केली नव्हती हा निकालही त्याच्या मागून आला. मार्च १९४१ मध्ये गॅलरी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या स्वाधीन करायला पॉल उभा होता. त्याला बापाची बँक नको होती, बाप दूरचाच वाटत आला. आणि तरी पुढे त्यानेही हजाराच्या वर कलाकृती त्याच गॅलरीला दिल्या. बापाशी बोलायची तेवढी एकच खोली त्याला सापडली असेल का?

तुझं चित्र चांगलं आहे. निळा रंग खोल आहे, असं आईला वाटतं. मला कळत नाही, पण मी फोटो मोठा करून दोनदा पाहिला. चिमीला उंचावर दिसत नसेल, जरा खाली टांग.

तुझे,
बाबा

ता. क. आईने पत्र वाचलं. म्हणाली, चार वेळा नाव आलंय. आणि फोटोत चित्राच्या काचेवर तू मोबाइल धरून उभा दिसतोस, तर बारीक झालास का, असं विचारते आहे.