खाडे धरले तरी सात वर्षे म्हणजे सातच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हॉलिवूडच्या जुन्या नायिकांवरील आपल्या पुरवणीतला ऑलिव्हिया डी हॅविलँड यांच्यावरचा लेख वाचला. छायाचित्रे छान आहेत. मजकुरात मात्र दोन-तीन चुका आहेत, आणि एक गोष्ट अशी अर्धवट सांगितली आहे की तिचा अर्थच उलटा झाला आहे.

आधी किरकोळ. 'गॉन विथ द विंड' (१९३९) मधल्या मेलनीसाठी त्यांना ऑस्कर मिळालेले नाही. सहायक अभिनेत्रीचे नामांकन होते. ते ऑस्कर त्याच चित्रपटातल्या हॅटी मॅकडॅनियल यांना मिळाले, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार ठरल्या. डी हॅविलँड यांना एकूण पाच नामांकने आणि दोन ऑस्कर मिळाली, ती 'टू इच हिज ओन' (१९४६) आणि 'द हेअरेस' (१९४९) या चित्रपटांसाठी. दुसरे असे की त्यांचा जन्म लंडनचा नव्हे, टोकिओचा. तारीख १ जुलै १९१६. आईवडील ब्रिटिश, वाढल्या कॅलिफोर्नियात. एरल फ्लिनबरोबर त्यांच्या जोडीचे चित्रपट आठ. बहीण जोन फाँटेन हिच्याशी असलेल्या अबोल्यावर लेखाचा पाव भाग खर्ची पडला आहे, त्यात मी भर घालत नाही.

आता मूळ मुद्दा. लेखात म्हटले आहे की 'त्यांनी वॉर्नर ब्रदर्सचा करार मोडला आणि कोर्टात जिंकल्या'. करार त्यांनी मोडला नव्हता. तो पुरा करून झाल्यावर 'आता मला मोकळे करा' एवढेच त्यांचे म्हणणे होते. मोडले म्हटले की त्या बंडखोर ठरतात आणि खटला नाट्यमय होतो. प्रत्यक्षात हा खटला हिशेबाचा होता.

हिशेब असा. शिक्षिका व्हायचे ठरवलेली अठरा वर्षांची ही मुलगी १९३४ मध्ये दिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकात बदली कलाकार होती, ती ऐनवेळी हर्मिया म्हणून उभी राहिली. त्यावरून वॉर्नरने नोव्हेंबर १९३४ मध्ये आठवड्याला २०० डॉलरवर तिला बांधून घेतले. 'कॅप्टन ब्लड' चालल्यावर एप्रिल १९३६ मध्ये नवा करार झाला, आठवड्याला ५०० डॉलरपासून पुढे. हा करार ५ मे १९३६ पासून लागू होता. त्याला सात वर्षांचा करार म्हणतात, पण त्याची बांधणी पाहा. आधी ५२ आठवडे आणि त्यापुढे ५२-५२ आठवड्यांच्या सहा मुदतवाढी. मुदतवाढ द्यायची की नाही, हे फक्त स्टुडिओने ठरवायचे. म्हणजे दरवर्षी स्टुडिओ नटीला घरी पाठवू शकत होता, नटी मात्र स्वतःहून जाऊ शकत नव्हती.

पटकथा निवडायची सोय नव्हती. दुसऱ्या स्टुडिओला उसनी देताना स्टुडिओ तिकडून जास्त पैसे घेई, नटीला ठरलेलाच पगार देई आणि मधला फरक खिशात घाली. मेलनीची भूमिका त्यांना मिळाली ती अशाच उसनवारीवर, आणि तीही स्टुडिओचे प्रमुख जॅक वॉर्नर नाही म्हणत असताना त्यांच्या पत्नीला चहाला बोलावून गळ घातली म्हणून!

नटीने एखादी भूमिका नाकारली की निलंबन. पगार बंद, आणि नाकारलेली भूमिका दुसरी नटी पुरी करेपर्यंत बंदच. त्या दुसरीचे चित्रीकरण लांबले तर निलंबनही लांबले. आणि खरी मेख पुढे आहे. ते निलंबनाचे आठवडे कराराच्या शेवटी जोडले जात. समजा एका वर्षात दहा-दहा आठवड्यांचे दोन चित्रपट नाकारले, तर वीस आठवडे बिनपगारी गेले आणि मुदत वीस आठवड्यांनी पुढे सरकली.

आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. सालगड्याचे साल पाडव्याला भरते. मालकाने खाड्यांची मजुरी कापली, हे एक वेळ समजू. पण मजुरीही कापली आणि पाडव्यानंतर तेवढे दिवस भरूनही घेतले, तर त्या सालाला शेवट कोणता? जो गडी जास्त तंडेल तो जास्त काळ अडकेल. हॉलिवूडमध्ये नेमके हेच होत होते, फक्त गड्याचा पगार मोठा होता.

डी हॅविलँड यांच्या नावावर असे सुमारे सहा महिन्यांचे खाडे साचले होते. १९४३ च्या मे महिन्यात सात वर्षे भरली, तेव्हा स्टुडिओने ते सहा महिने मागितले.

यापूर्वी बेटी डेव्हिस यांनी त्याच वॉर्नरशी १९३६ मध्ये लंडनच्या कोर्टात झुंज दिली होती आणि त्या हरल्या होत्या. दोन्ही खटल्यांतला फरक लेखकाने ध्यानात घ्यायला हवा होता. डेव्हिस यांचा करार चालू होता आणि त्या इंग्लंडमध्ये दुसऱ्याकडे काम करायला निघाल्या होत्या. इंग्लिश न्यायाधीशांनी सांगितले की तुम्हाला वॉर्नरकडे अभिनय करायला आम्ही भाग पाडू शकत नाही, पण दुसऱ्याकडे करू नका एवढे बजावू शकतो. डी हॅविलँड यांचे वकील मार्टिन गँग या वाटेने गेलेच नाहीत. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेत कलम २८५५ आधीपासूनच होते. व्यक्तिगत सेवेचा करार, सेवा सुरू झाल्यापासून सात वर्षांपलीकडे त्या व्यक्तीवर लादता येणार नाही, असे ते सांगते. १८७२ च्या मूळ नागरी संहितेत ही मर्यादा दोनच वर्षांची होती, ती वाढत वाढत १९३१ मध्ये सातवर आली. म्हणजे 'त्यांनी कायदा करून घेतला' हे लेखातले वाक्यही चूक. कायदा पुस्तकात होता, तो कुणी नटनटीने शेवटपर्यंत लावून धरला नव्हता.

ऑगस्ट १९४३ मध्ये दावा दाखल झाला. मागणी छोटी होती, माझा करार संपला आहे एवढे जाहीर करा. वॉर्नरचे म्हणणे, सात वर्षे म्हणजे प्रत्यक्ष कामाची सात वर्षे. शिवाय निलंबनाच्या अटीवर बाईंनी स्वतः सही केलेली आहे, तेव्हा तो हक्क त्यांनी सोडलाच. खालच्या कोर्टात बाई जिंकल्या, स्टुडिओ अपिलात गेला. ८ डिसेंबर १९४४ रोजी अपील न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. सात वर्षे म्हणजे दिनदर्शिकेवरची सात वर्षे. आणि सहीचे म्हणाल, तर कायद्याने सार्वजनिक हितासाठी घातलेली मर्यादा खासगी कागदावर सही घेऊन ओलांडता येत नाही. माझ्या मते या निकालातली जास्त मोलाची बाजू ही दुसरी. पहिली नुसती असती, तर पुढच्या सगळ्या करारांत एक ओळ वाढवून स्टुडिओंनी तिची वाट लावली असती. फेब्रुवारी १९४५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे ऐकायला नकार दिला आणि विषय संपला.

दरम्यान जॅक वॉर्नर यांनी इतर निर्मात्यांना पत्रे धाडली, की ही नटी आमच्याकडे बांधलेली आहे. जवळजवळ दोन वर्षे एकाही स्टुडिओत त्यांना काम मिळाले नाही. तो काळ त्यांनी सैनिकी रुग्णालयांचे दौरे करण्यात घालवला, अल्यूशन बेटांपासून दक्षिण पॅसिफिकपर्यंत. १९४३ च्या सुरुवातीला चित्रीकरण संपलेला त्यांचा 'डिव्होशन' वॉर्नरने १९४६ पर्यंत डब्यात ठेवला.

निकालाचा फायदा ज्यांना झाला त्यांत युद्धावर गेलेले नटही होते. जेम्स स्टुअर्ट परतले तेव्हा गणवेशातली वर्षे त्यांच्या स्टुडिओला, एमजीएमला, भरून द्यायची वेळ त्यांच्यावर आली नाही. पण या एका निकालाने स्टुडिओंची सद्दी संपली हे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. निलंबन बेकायदा ठरले नाही, पगार कापणेही नाही. सद्दी संपली त्यामागे १९४८ चा पॅरामाउंट खटला होता, ज्यामुळे स्टुडिओंना आपली चित्रपटगृहे सोडावी लागली, आणि टीव्ही होता. कलम २८५५ ला पुढे भोकही पाडले गेले. १९८७ मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आग्रहावरून पोटकलम आले. गायक सात वर्षांनी जाऊ शकतो, पण ठरलेले अल्बम दिले नसतील तर कंपनी भरपाई मागू शकते. २००८ मध्ये नट-गायक जॅरेड लेटोच्या बँडवर ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीने ३ कोटी डॉलरचा दावा लावला, तो याच पोटकलमाच्या जोरावर. पुढे तडजोड झाली.

लेखात शेवटी 'आपल्याकडे असे कुणी केले नाही' असा शेरा आहे. तो वाचून वाईट वाटले. 'कुंकू'च्या नायिका शांता आपटे १९३९ मध्ये, म्हणजे डी हॅविलँड यांच्या दाव्याच्या चार वर्षे आधी, प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. कारण कराराचे आणि पगाराचेच. कोर्टाची वाट त्यांनी धरली नाही. पण पुण्यातल्या वृत्तपत्रात हे विसरले जावे?

कायद्याचेही नाते आहे, आणि ते वाटते त्याहून जवळचे. आपल्या करार कायद्याचे कलम २७, म्हणजे कुणाला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक, हे न्यूयॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड यांच्या मसुद्यावरून घेतलेले. कॅलिफोर्नियाची नागरी संहिताही त्याच मसुद्यावर बेतलेली. दोन्हींचे साल १८७२. बेटी डेव्हिस यांच्या खटल्याचा आधार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये चर्चेला घेतला आणि करार चालू असतानाचे बंधन वैध धरले. करार संपल्यानंतरचे बंधन मात्र चालत नाही, हे २००६ मध्ये श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट झाले. मात्र सात वर्षांसारखी आकड्यातली मर्यादा आपल्याकडे नाही. मालिकांच्या बॉण्डवर सह्या करणाऱ्या मुलामुलींनी म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. मुदतवाढ कोणाच्या मर्जीवर आहे, काम नसलेले महिने मुदतीत धरले आहेत की नाहीत, आणि 'पहिला नकार आमचा' (म्हणजे दुसऱ्याचे काम घेण्याआधी ते आम्हाला देऊ करायचे) ही अट करार संपल्यावरही चालू ठेवली आहे का.

मोकळ्या झाल्यावर बाईंनी काय केले, हे लेखात एका ओळीत आटपले आहे. खटल्याचे फळ तेच, म्हणून थोडे लिहितो. १९४६ ते १९४९ या चार वर्षांत जुळ्या बहिणींची दुहेरी भूमिका ('द डार्क मिरर'), मनोरुग्णालयातली रुग्ण ('द स्नेक पिट', यासाठी त्या रुग्णालयांत जाऊन उपचार बघून आल्या) आणि दोन ऑस्कर. वॉर्नरकडे याच बाई फ्लिनच्या शेजारी सुंदर दिसायला उभ्या असत. 'द हेअरेस'चे मूळ नाटक ब्रॉडवेवर पाहून दिग्दर्शक विल्यम वायलर यांना ते सुचवणाऱ्याही त्याच.

त्यातले दोन जिने बघावेत. पहिला, प्रियकराने दगा दिल्यावर कॅथरीन बॅग घेऊन वर जाते तो. वायलर पुन्हा पुन्हा चढायला लावत होते, मनासारखे होईना, शेवटी चिडून बाईंनी बॅग फेकली. तेव्हा वायलरना कळले की बॅग रिकामी आहे. त्यांनी तिच्यात पुस्तके भरायला लावली. पडद्यावर खांदा ओढला जातो, कठडा धरावा लागतो, तो त्या वजनामुळे. दुसरा जिना शेवटचा. त्याआधी ती भरतकाम करत बसली आहे, अक्षरमालेतले शेवटचे अक्षर. दोरा कापते. बाहेर तोच प्रियकर दार वाजवतो आहे, दाराला अडसर, आणि ती दिवा हातात घेऊन वर चढते. आवाजाकडेही लक्ष द्या. सुरुवातीला पातळ, घाईचा, शेवटी खालच्या पट्टीत उतरलेला. मेलनीवरून ज्यांनी त्यांना गोड गोड ठरवले आहे, त्यांनी ही शेवटची वीस मिनिटे तरी पाहावीत.

पुढे १९५५ मध्ये फ्रेंच पत्रकाराशी लग्न, पॅरिसला वास्तव्य, १९६५ मध्ये कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद. हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २०१७ मध्ये ब्रिटनचा 'डेम' किताब, आणि त्याच वर्षी, १०१ वा वाढदिवस एका दिवसावर आला असताना, त्यांनी एका टीव्ही मालिकेवर खटला भरला. मालिकेत त्यांचे पात्र परवानगीशिवाय दाखवले होते आणि बहिणीबद्दल शिवराळ शब्द तोंडी घातला होता. खालच्या कोर्टाने खटला चालू दिला, पण मार्च २०१८ मध्ये अपील न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो निकालात काढला. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही दार उघडले नाही. आपल्या लेखात याला 'म्हातारपणीचा हट्ट' म्हटले आहे. मला निकाल योग्य वाटतो, शब्द नाही. १९४४ मध्ये ज्या अपील न्यायालयात त्या जिंकल्या, त्याच लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या जिल्ह्याच्या अपील न्यायालयात त्या या वेळी हरल्या.

त्यांचे निधन २६ जुलै २०२० रोजी पॅरिसमध्ये झाले, १०४ व्या वर्षी. लेखात वय १०३ छापले आहे, तेही दुरुस्त करावे.

आपला,
एक वाचक, पुणे