रोडगे बंद झाले आन् केक आला

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कंपनी कल्चरवर लेख आला होता, की कंपनीत सगळ्यांनी मिळून पाळायच्या काही प्रथा असल्या तं माणसं टिकतात वगैरे. लेख पटला, पण उदाहरणं सगळी पुण्या-बंगलोरच्या एसी ऑफिसातली, म्हणून म्हटलं आपणच लिहून पाहावं. मी राळेगाव तालुक्यात एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, 19 वर्षांपासून काट्यावर, म्हणजे कापसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर, बाबू आहे. जिनिंगचं नाव लिहत नाही, अजून नोकरी करायची आहे.

आमच्याकडे दसऱ्याच्या आसपास काट्याची पूजा व्हायची. पहिली गाडी ज्या शेतकऱ्याची त्याला शाल, नारळ, टोपी. मग एकेका रेच्यापुढं (सरकी काढायच्या मशीनपुढं) नारळ फुटायचा आणि तो फोडायचा मान त्या रेच्यावर काम करणाऱ्या बाईचा, मालक बाजूला हात जोडून उभे. लगेच फिटर सगळ्यांना, हमालापासून मुनिमापर्यंत, आवारात फिरवायचा, वाळूच्या बादल्या कुठं, पाण्याचा हौद कुठं, मेन स्विच कुठं. कोणी त्याला ट्रेनिंग म्हणत नव्हतं, आम्हाला तो पूजेचाच भाग वाटायचा, शेवटी फिटर हौदालाही कुंकू लावायचा.

आणि हंगाम संपला की रोडगे, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे. गोवऱ्या पेटवायच्या, आरात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. जेवणाआधी सगळ्यांचा हिशोब चुकता, हे महत्त्वाचं. ज्याचे पैसे बाकी तो कशाला पंगतीत हसून बसंल?

जुनं तेवढं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. सुरुवातीची काही वर्षं बायाच रांधायच्या आणि बायाच शेवटी जेवायच्या, भाजी तळाशी गेलेली. एका वर्षी एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काहून जी, कापूस आमी टाकाचा रेच्यात, रोडगे बी आमीच थापाचे, आन् उपाशी बी आमीच?" पुढच्या वर्षीपासून पहिली पंगत बायांची, वाढायला मालक आणि आम्ही बाबू लोक. प्रथा अशी भांडूनच बनते बापा, वरून आलेल्या मेलवर बनत नाही.

आता मालकाचा पोरगा कारभार पाहतो. शिकलेला आहे, बोलायला गोड आहे, हेतूही वाईट नाही. त्यानं गेटवर 'वी आर फॅमिली'चा बॅनर लावला, दर महिन्याला वाढदिवसांचा केक सुरू केला (केक फक्त ऑफिसात, रेच्यांपर्यंत डबासुद्धा जात नाही), शुक्रवारी सगळ्यांना टी-शर्ट. आणि टी-शर्ट कशाचा म्हणाल तं पॉलिस्टरचा! कापसाच्या जिनिंगवर पॉलिस्टर, राजेहो. रोडगे बंद, कारण दिवसभर काम थांबते. काट्याची पूजा पाच मिनिटांत फोटोपुरती, आणि फिटरच्या फेरीऐवजी आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. निम्म्या बायांकडे साधे फोन आहेत.

मागच्या जानेवारीत कापसातून लोखंडाचा तुकडा रेच्यात गेला, ठिणगी उडाली आणि रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) ढिगाला आग धरली. जवळ ठेकेदाराची नवी पोरं होती, बिचारी हौद शोधत उलट्या दिशेनं पळाली. जुन्या बायांनी वाळू टाकून आग दाबली म्हणून दोन-तीन गाठींच्या (रुईच्या दाबलेल्या गठ्ठ्यांच्या) नुकसानीवर भागलं, एक गाठ 170 किलोची, हिशोब तुम्हीच करा. त्या पोरांचा दोष नाही. आमच्यापैकी कोणालाच त्यांची नावं माहीत नव्हती, हाक तरी काय मारणार होतो?

लेखात टाटांचं नाव होतं म्हणून सांगतो, जमशेटजींनी आपल्या नागपुरातच 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू केली. तिथं कामगार सारखे दांड्या मारायचे, तेव्हा त्यांनी खेळाचे दिवस ठेवले, बक्षिसं ठेवली. पण तेवढ्यावर थांबले नाहीत, 1886 ला पेन्शन फंड काढला आणि 1895 पासून अपघाताची भरपाई सुरू केली. लोकं खेळाचा दिवस उचलतात आणि फंडाचं पान सोडून देतात. आमच्याकडेही तेच. हंगामी बाईनं वर्षात 30 दिवस काम केलं की ती बोनसला पात्र होते, कमीत कमी 8.33 टक्के, हे आमच्या बॅनरवर कुठंच नाही.

केक बंद करा असं माझं म्हणणं नाही, फक्त तो रेच्यांपर्यंत न्या. दसऱ्याला फिटरची फेरी परत सुरू करा आणि ठेकेदाराच्या पोरांनाही तिच्यात घ्या. रोडग्यासाठी कामाचा दिवस जात असंल तं रविवारी ठेवा, आम्ही सुट्टीतही येऊ. गोवऱ्यांची एक गाडी माझ्याकडून, फक्त हिशोब त्याच दिवशी जेवणाआधी झाला पाहिजे.

आपला,
एक काटेबाबू
ता. राळेगाव, जि. यवतमाळ