‘हॉर्टी’ला घालण्याआधी पूर्ण बेरीज करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या घरांतून हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: इंजिनीअरिंगला नंबर लागत नाही, मग बी.एस्सी. हॉर्टिकल्चरला (उद्यानविद्येला) घालायचे का? सरकारी महाविद्यालयाची फी कमी, एवढे ऐकून निम्मा निर्णय होऊनही जातो. पण शहरातल्या मुलाच्या बाबतीत खरा खर्च फीचा नसतोच.

आपल्याकडून रोज जाऊन-येऊन शिकता येईल असे सरकारी उद्यानविद्या महाविद्यालय नाही. कोकण कृषी विद्यापीठाचे एक दापोलीला, दुसरे थेट कुडाळजवळ मुळद्याला. म्हणजे वसतिगृह आलेच. खोली आणि मेस मिळून महिन्याला 7 हजार धरले, वर्षाचे 10 महिने धरले, तर चार वर्षांचे 2 लाख 80 हजार होतात. गावात राहून करायच्या सत्राचा (मुले त्याला ‘रावे’ म्हणतात) प्रवास, भाडे आणि अहवालांचा खर्च वेगळाच. शिवाय एक रक्कम कोणी कागदावर घेतच नाही. दहावीनंतर दोन वर्षांची कृषी पदविका घेणारा मुलगा पदवीधरापेक्षा चार वर्षे आधी कमवायला लागतो. महिना 15 हजार धरले तरी ते 7 लाख 20 हजार झाले. पदवीला आधी हा खड्डा भरायचा आहे.

मुलींसाठी गणित बरेच सोपे झाले आहे. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासन भरते. मात्र प्रवेश केंद्रीभूत फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली. देणगी मागणारे हे सांगत नाहीत.

विनाअनुदानित महाविद्यालय बघायला जायचे तर मे महिन्यात जावे. माहितीपत्रकातले पॉलिहाउस प्लास्टिक कागदासकट उभे आहे की नुसता सांगाडा उरलाय, शेततळ्यात पाणी आहे का, कलमांच्या काड्या घ्यायला स्वतःची मातृवृक्षांची बाग आहे का, हे तेव्हाच दिसते. आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) अधिस्वीकृतीही विचारून घ्यावी, पुढे एम.एस्सी. करायची झाली तर तिचा अभाव आडवा येऊ शकतो.

आता या पदवीने नेमके काय येते? आंब्याचे कोय कलम, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जोडणे, घ्या. कोय रुजून 10-15 दिवस झालेले, पाने अजून तांबूस असलेले रोप घ्यायचे, शेंडा छाटून खुंटाला (खाली उरलेल्या रोपाला) मधोमध 3-4 सें.मी. चीर द्यायची, त्याच जाडीची, डोळा फुगलेली काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. खुंट हिरवा होऊन जून झाला की कलमे कमी जगतात. पट्टी सैल राहिली तर पावसाचे पाणी जोडात शिरून कुजवते. वेळेवर सोडली नाही तर तीच गळफास होते. खरे सांगायचे तर कोकणातला नगावर मजुरी घेणारा कलम बांधणारा हे काम पदवीधरापेक्षा कितीतरी झरझर करतो. पदवीची किंमत काडी कुठल्या झाडाची घ्यायची, हे ठरवण्यात आहे.

शहरात तीच गोष्ट पोडियमवरच्या बागेची. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत पार्किंगच्या स्लॅबवर बाग असते. ओल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण 1.7 टन धरले, तर 30 सें.मी. थर दिल्यावर चौरस मीटरला 500 किलो भार पडतो. म्हणून कोकोपीट आणि पर्लाइट घालून मिश्रण हलके करतात, तळाशी निचऱ्याचा थर आणि मधे गाळणीचे कापड घालतात. कापड वगळले की माती खाली उतरते, नळी तुंबते आणि पहिल्याच पावसाळ्यात गाड्यांवर ठिबकायला लागते. हे जाणणारा माणूस हवाच. पण कंत्राट बहुधा सर्वांत कमी दराला जाते, आणि त्या दरात माळ्याचा पगार बसतो, पदवीधराचा नाही.

जिथे पदवीला भाव आहे अशी एक जागा घराजवळच आहे: वाशी. पणन मंडळाच्या विकिरण केंद्रातून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला किरणांची किमान 400 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा द्यावी लागते, युरोपच्या आंब्याला 48 अंशांच्या पाण्यात 60 मिनिटे. तापमान चुकले, फळ कोवळे असले किंवा आत साका (बिघडलेला पांढरट गर) असला, तर नुकसान कंटेनरने मोजायचे. पॅकहाउसमधली ही माणसे शिकलेलीच लागतात. मात्र हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा.

स्वतःची नर्सरी काढायची तर कृषी पदवीधरांसाठी केंद्राची ॲग्रिक्लिनिक योजना आहे: 45 दिवसांचे प्रशिक्षण, एका व्यक्तीच्या प्रकल्पाला 20 लाखांपर्यंत कर्ज, त्यावर 36 टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 44. पण हे अनुदान आधी हातात पडत नाही, बँकेत राखून ठेवतात आणि कर्जाच्या शेवटी वळते करतात. ते धरून हप्ते ठरवणारा फसतो.

नोकरीच हवी असेल तर प्रवेशाआधी मागच्या तीन-चार वर्षांच्या जाहिराती काढून पात्रतेचा रकाना वाचावा. बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाला उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी चालते. नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर 10 आठवड्यांची इंटर्नशिप करून प्रमाणपत्रासह बाहेर पडता येते, पण ते प्रमाणपत्र या रकान्यात बसत नाही.

आपला,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई